मूळ प्रत उपलब्ध नाही

सही खरी की खोटी हे सांगणे हाच ज्यांचा पोटापाण्याचा उद्योग असतो, अशा माणसांचे दोन प्रकार आढळतात. पहिला प्रकार न्यायालयात छाती ठोकून निर्वाळा देतो आणि बढती मिळवतो. दुसरा 'सांगता येत नाही' असे लिहितो आणि आयुष्यभर एकाच टेबलाशी झिजतो. हा तपासनीस दुसऱ्या प्रकारातला होता.

दस्तऐवज-तपासणी कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीखाली, अठ्ठावीस वर्षे त्याचे टेबल होते. टेबलावर एक भिंग, खालून दिवा लागणारी दुधी काच आणि एक सूक्ष्मदर्शक. सूक्ष्मदर्शकाचा दिवा गेला त्याला चौदा महिने झाले होते. त्याने सात लेखी विनंत्या केल्या आणि सातव्या विनंतीवर 'सहा विनंत्या यापूर्वीच प्राप्त' असा शेरा मिळवला. ज्या कार्यालयाने साऱ्या जगाची कागदपत्रे तपासावीत, त्याला स्वतःकडे आलेला कागद वाचता येत नाही, याचे त्याला आता आश्चर्यही वाटेनासे झाले होते. तो खिडकीच्या उजेडात काम करी. लेखणी कुठे उचलली, कुठे टेकली, दाब कुठे वाढला, हात कुठे अडखळला, हे तासन् तास पाही. आणि निम्म्याहून अधिक अहवालांच्या शेवटी तेच तीन शब्द लिही.

"तुम्हाला ना वर घेता येत, ना खाली सोडता येत," असे म्हणून कार्यालयप्रमुखांनी त्याचे नाव त्रिशंकू ठेवले होते. नाव चिकटले. शिपाईसुद्धा फाइल आणताना पुटपुटे, "त्रिशंकूसाहेबांकडे ना? म्हणजे गेली लोंबकळत."

रविवारी मात्र हाच माणूस चर्चमध्ये मंडळीबरोबर उभा राहून 'मी विश्वास धरतो' हे शब्द म्हणत असे. आईवडिलांनी शिकवले तसे, त्याच चालीवर, पन्नास वर्षे. या दोन गोष्टी एकाच कोटाच्या दोन खिशांत त्याने इतकी वर्षे ठेवल्या होत्या आणि कधी एकमेकींना भेटू दिल्या नव्हत्या. त्यांची गाठ घालून देण्याचे पुण्यकर्म पाळकसाहेबांनी केले.

पाळकसाहेबांची खोली उपासनामंदिराच्या मागे होती. एकावर एक रचलेल्या खुर्च्या, गीतपुस्तकांचे खोके, उकळून उकळून पांढरी पडलेली चहाची किटली. पाळक वयाने लहान आणि उत्साहाने अवजड. शेजारी मंडळीचे सेक्रेटरी, निवृत्त मुख्याध्यापक. तपासनिसाला बोलावणे आले तेव्हा, मागच्या महिन्यात केलेल्या कर्ण्याच्या किंचाळण्याविषयीच्या तक्रारीची दखल घेतली गेली, असा त्याचा भाबडा समज झाला होता.

"बसा, बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय गेलाय."

"पाय गेलेली खुर्ची ठेवता कशाला?"

"तुम्हाला तक्रारीला विषय हवा म्हणून," सेक्रेटरी म्हणाले आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसले.

पाळकसाहेबांनी योजना सांगितली. चार रविवार, विषय 'आमच्या विश्वासाची खात्री'. एका रविवारी डॉक्टर बोलणार, दुसऱ्या रविवारी इंजिनिअर, तिसऱ्या रविवारी वकील. चौथा रविवार दस्तऐवजतज्ज्ञाचा.

"फार नाही हो, पंधरा मिनिटं. चार शुभवर्तमानं, जुन्या हस्तलिखित प्रती, साक्षीदार, असं सगळं घ्यायचं. आणि शेवटी एकच वाक्य, 'माझ्या व्यावसायिक मतानुसार हे सर्व खरे आहे.' बस्स."

"शेवटचं वाक्य आधीच ठरलंय?"

"म्हणजे... ते तर ठरलेलंच आहे ना?"

"मग तपासणी कसली करू?"

"अहो, तपासणी कोण करायला सांगतंय?" सेक्रेटरी वैतागले. "निर्वाळा द्यायचा. बोर्डावर लिहूनसुद्धा झालंय, 'तज्ज्ञांचा निर्वाळा'. आता पुसायचं म्हणजे पुन्हा शिडी आणा."

नकाराचे पत्र कसे लिहायचे, याची वाक्ये जुळवतच तो घरी आला. जेवणाच्या टेबलावर त्याने ही हकिकत सांगितली ती केवळ जगाच्या मूर्खपणाचा ताजा दाखला म्हणून. बायको हसली. लेक हसली नाही.

लेक चोवीस वर्षांची. चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढण्याचे काम करी. दिवसभर 'हे भिंग बरं की ते बरं?' असे विचारून विचारून घरीही ती कोणाला धड एक उत्तर देऊन सुटू देत नसे. घरात तिचे नाव वकीलसाहेब. दीड वर्षापूर्वी एका रविवारी पायात एकच बूट घालून ती पलंगावर बसली होती आणि म्हणाली होती, "आजपासून मी येत नाही." भांडण नाही, रडारड नाही. तेव्हापासून बायको दर शनिवारी तिचा उपासनेचा पोशाख इस्त्री करून दाराला अडकवून ठेवी आणि दर सोमवारी कपाटात परत ठेवी. त्यावर घरात कोणी काही बोलत नसे.

"द्या ना भाषण," लेक म्हणाली.

"तू तर म्हणतेस ते सगळं थोतांड आहे."

"मी थोतांड कधी म्हटलं? मी म्हटलं, मला माहीत नाही आणि माहीत असल्यासारखं उभं राहून म्हणायला मला लाज वाटते. तुम्ही द्या. पण ऑफिसात देता तसा अहवाल द्यायचा. कोर्टात शपथेवर उभे राहता ना, तसा. मग मी येईन."

बायकोच्या हातातली पळी थांबली. "येशील?"

"येईन. शेवटच्या बाकावर बसेन. पण बाबांनी साखर पेरली तर उठून जाईन. आणि मग मला पुन्हा कधी विचारायचं नाही. त्यांनीही नाही, तूही नाही."

नकाराचे पत्र लिहिले गेले नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याच्या ध्यानात आले की आपण आपल्याच पायाने फासात शिरलो आहोत. गोडगोड बोलावे तर लेक उठून जाणार आणि बापावरचा भरवसाही सोबत घेऊन जाणार. नियमाने बोलावे आणि उत्तर नेहमीचेच निघाले, तर तिच्या न येण्यावर आपल्याच हाताचा शिक्का बसणार. पण या दोहोंपेक्षा वाईट गोष्ट तिसरीच होती. प्रामाणिक उत्तर काय निघेल हे त्याचे त्यालाच ठाऊक नव्हते. पन्नास वर्षांत त्याने ते कधी काढूनच पाहिले नव्हते.

पाळकसाहेबांनी तीन जाडजूड ग्रंथ दिले. प्रत्येकात पुरावे होते आणि प्रत्येक पुरावा दुसऱ्या पुराव्याशी टाळी देत होता. कुठे कोपरा सुटलेला नाही, कुठे धागा लोंबत नाही. वाचता वाचता त्याचे कपाळ आठ्यांनी भरले. त्याच्या धंद्यातला पहिला धडा असा, की माणूस आपली सही दोनदा तंतोतंत सारखी करूच शकत नाही. दोन सह्या एकीवर एक ठेवून उजेडात धरल्या आणि रेघ न् रेघ जुळली, तर त्यांतली एक गिरवलेली आहे हे नक्की. ग्रंथ त्याला गिरवलेले वाटले.

मग त्याने ग्रंथ मिटून बायबलातली, येशूची हकिकत सांगणारी चार शुभवर्तमानेच उघडली, टेबलावर चार कागद शेजारी शेजारी मांडावेत तशी. पहाटे येशूच्या रिकाम्या थडग्याशी कोण गेले? एकात एक बाई, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. आत एक तरुण बसला होता की दोन पुरुष उभे होते? बायकांनी कोणाला सांगितले की भीतीने कोणालाच सांगितले नाही? लहानपणापासून ऐकलेल्या या गोष्टी अशा एका रांगेत लावून त्याने कधी पाहिल्या नव्हत्या. त्याला आनंद झाला. हे गिरवलेले नव्हते! हात वेगळा, वेग वेगळा, ओळख मात्र एक. खऱ्या सह्या अशाच असतात.

दुसऱ्या दिवशी त्याने हा शोध शेजारच्या टेबलावरच्या शाईवाल्या बाईंना सांगितला. त्या शाई तपासत. निवृत्तीला दोन वर्षे उरलेली, जिभेला हाड नाही, आणि कार्यालयात त्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेणारी तेवढी एकच व्यक्ती.

"थांबा हं," त्या म्हणाल्या. "जुळलं तर खोटं म्हणालात. आता जुळत नाही म्हणून खरं म्हणता. मग खोटं कधी म्हणणार? छापा पडला तर मी जिंकलो, काटा पडला तर तू हरलास! अहो, आळशी भामट्याच्या सह्यासुद्धा जुळत नाहीत."

तपासनिसाने भिंग उचलले आणि पुन्हा जागेवर ठेवले.

"आणि मूळ प्रत कुठाय?"

"मूळ नाहीये. नकला आहेत. नकलांच्या नकला."

"मागच्या महिन्यात तो वकील झेरॉक्स घेऊन आला होता. जिन्यावरूनच परत पाठवलात त्याला. 'मुळावाचून मत नाही.' मी इथंच बसले होते."

"हो."

"बरं, समजा मूळ सापडलं. हस्ताक्षर ज्याचं म्हणतात त्याचंच निघालं. पुढं काय?" बाईंनी चष्मा काढून पुसला. "माझ्या नवऱ्याची लग्नाआधीची पत्रं मी जपून ठेवलीत. शंभर टक्के त्याच्या हातची. मी स्वतः तपासून देते लिहून. मजकुराचं काय?"

दोघेही हसले. बाईंचे हसणे लौकर थांबले. त्याचे तर मनापासून सुरूच झाले नव्हते. कारण जी गोष्ट तो नवशिक्यांना पहिल्याच दिवशी शिकवी तीच तो विसरला होता. पत्र खरे असणे आणि पत्रातले खरे असणे यांच्यात जो खळगा आहे, त्यावर त्याच्या शास्त्राने आजवर एक फळीसुद्धा टाकलेली नाही.

कागद आटोपले. उरला साक्षीदार. विश्वास धरणाऱ्याला आतून साक्ष मिळते असे पाळकसाहेब वरचेवर सांगत. तेव्हा आपण स्वतःलाच तपासावे, असे त्याने ठरवले. एक नवी वही घेतली. रोज सकाळी साडेसहाला, बायको न्हाणीघरात असताना, पलंगाच्या कडेला बसून तो प्रार्थना करी आणि लगेच नोंद करी.

'दिवस पहिला. नेहमीची प्रार्थना. तीन मिनिटे. विशेष काही नाही.'

'दिवस दुसरा. छातीत किंचित ऊब. (आधी चहा घेतला होता. उद्या चहा नंतर.)'

'दिवस तिसरा. चहा नंतर. ऊब नाही.'

'दिवस पाचवा. शब्द उच्चारताना आपण शब्द उच्चारीत आहोत एवढेच जाणवते.'

सहाव्या दिवशी 'हे आमच्या स्वर्गातील बापा' एवढे म्हणून त्याची गाडी अडली. जे वाक्य दुधाच्या दातांबरोबर आले होते, त्याच्या पुढचा शब्द आठवेना. पेन्सील हातात तशीच राहिली आणि त्याच्या कानाच्या पाळ्या एकदम तापल्या. हे दृश्य त्याने शेकडो वेळा पाहिले होते! संशयिताला समोर बसवायचे, कागद द्यायचा आणि म्हणायचे, 'कर दहा सह्या.' तिसऱ्या सहीपर्यंत माणूस स्वतःचेच नाव विसरतो. हात ताठरतो, वळणे चुकतात, आणि गरीब बिचारा खराखुरा मनुष्य आपल्याच सहीचा बनावटखोर ठरतो. म्हणून केवळ मागणीवरून घेतलेल्या नमुन्यावर मत देऊ नये. माणसाने नकळत, दुसऱ्याच कामाच्या नादात केलेल्या सह्या मिळवाव्यात, दूधवाल्याची चिठ्ठी, शाळेचा दाखला, काहीही. या चुकीपायी त्याने दोन नवशिक्यांना रडवले होते. आणि आता स्वतःच्या आत्म्याला चौकीवर बसवून तो म्हणत होता, 'कर सही.'

वही त्याने फेकली नाही. तो फेकणाऱ्यांतला नव्हता. त्याने फक्त नमुन्याचा प्रकार बदलला आणि साक्षी गोळा करायला लागला. पहिली साक्ष बायकोची. ती कपड्यांच्या घड्या करीत होती.

"मी कधी नकळत, विचार न करता, विश्वास असल्यासारखा वागलोय का? आठवून सांग."

"नकळत? तुम्ही? अहो, तुम्ही शिंकतासुद्धा आगाऊ सूचना देऊन."

"चेष्टा नको."

"लिफ्ट अडकली होती तेव्हा 'देवा' म्हणालात."

त्याने वही उघडली.

"पण नळ दुरुस्त करणारा आला नाही तेव्हाही म्हणालात. आणि माझी आई महिनाभर राहायला आली तेव्हा तर तीनदा. लिहा, लिहा."

त्याने वही मिटली. बायकोने एका उशीच्या अभ्र्याची दोनदा घडी घातली आणि दोनदा उलगडली.

"मला नाही कधी विचारलंत," ती म्हणाली.

"काय?"

"हेच. मला खात्री आहे का."

त्याने विचारले. विचारताना त्याला जाणवले की सव्वीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न घरात प्रथमच उच्चारला जातो आहे.

"खात्री असती तर लेकीला समजावलं नसतं का मी? चार शब्द तरी बोलले असते. नाही, म्हणून तर इस्त्री करते." ती उठली. "आणि नाहीच असं म्हणवत नाही, म्हणूनही इस्त्रीच करते. आता यातून काय ते तुमचं तुम्ही काढा."

त्यातून त्याला काही काढता आले नाही.

दुसरी साक्ष ताईची. ही त्याची मोठी बहीण, दुसऱ्या शहरात एकटी राहणारी. आई गेल्यावर हिनेच त्याला बोट धरून उपासनेला नेले होते. फोनवर तिने आधी गुडघ्यांचा अहवाल दिला, मग शेजाऱ्यांचा, आणि मग त्याचा प्रश्न ऐकून घेतला.

"अरे धाकट्या, तुला ते ऑपरेशन आठवत नाही?"

"कुठलं?"

"पोरीचं. चार वर्षांची होती. सकाळी अकराला आत नेली आणि संध्याकाळचे पाच वाजले तरी बाहेर आणीनात. तुझी बायको भिंतीला डोकं टेकून उभी, मी येरझाऱ्या घालतेय, आणि तू बाकावर झोपलास. घोरत होतास रे! येणारे-जाणारे बघायला लागले. मला इतका राग आला, की वाटलं पाण्याचा तांब्या ओतावा डोक्यावर."

"मी झोपलो होतो?"

"मेल्यासारखा. नंतर मी झाडलं तुला, म्हटलं, बाप आहेस की कोण? तर डोळे चोळत म्हणालास, 'सांगून झालं होतं ना.' मी विचारलं, कुणाला? तर तू माझ्याकडे असा बघितलास, जशी मीच वेडी."

"मला काहीच आठवत नाही, ताई."

"तुला कसं आठवेल? तू झोपला होतास."

फोन ठेवून त्याने वही उघडली. हवा होता तसा नमुना मिळाला होता. मागणीवरून दिलेला नव्हे, सहज पडलेला. पण आनंद म्हणावा तर तो धरता येईना. आदल्या दोन रात्री तो जागलाच असणार. मग ती झोप विश्वासाची की थकव्याची? 'सांगून झालं होतं' हे शब्द ताईने वीस वर्षे मनात घोळवले, त्यांत तिचे स्वतःचे किती मिसळले? आणि सगळे जसेच्या तसे खरे धरले, तरी सिद्ध काय झाले? एवढेच, की एके काळी एक माणूस मनापासून विश्वास धरीत होता. ज्याच्यावर धरीत होता तो आहे की नाही, हे पुन्हा पलीकडच्याच काठावर. शिवाय तो माणूसही त्याच्या ओळखीचा राहिलेला नव्हता. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशा अवस्थेत त्याने शनिवारी दुपारी, रिकाम्या कार्यालयात, अहवाल टंकित केला. एक पान. ठरलेल्या नमुन्यात.

रविवारी लेक आली. आईवडिलांच्या मागून दहा पावले अंतर ठेवून, नोकरीच्याच कपड्यांत. शेवटच्या बाकावर, दाराच्या बाजूला बसली. लोकांनी माना वळवून पाहिले. मंडळी देवाकडे पाहत नाहीत इतक्या निष्ठेने एकमेकांच्या मुलांकडे पाहतात. कर्णा यथास्थित किंचाळला. मग पाळकसाहेबांनी 'आपले सुविद्य बंधू' म्हणून त्याला पुढे बोलावले.

त्याने चष्मा लावला आणि वाचले.

"तपासणीसाठी प्राप्त: चार लेख. मूळ प्रत उपलब्ध नाही. मुळावाचून मत देऊ नये, असा नियम आहे. लेखांमध्ये परस्परभेद आढळतात. असे भेद खऱ्या लेखांत असतात आणि खोट्या लेखांतही असतात. लेख खरा ठरल्यास त्यातील मजकूर खरा आहे असे त्यावरून म्हणता येत नाही.

"साक्षीदार म्हणून प्रस्तुत तपासनिसाने स्वतःची तपासणी केली. मागणीवरून घेतलेले नमुने अनैसर्गिक निघाल्याने रद्द केले. एक जुना नमुना प्राप्त झाला. अपत्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी तपासनीस दवाखान्याच्या बाकावर झोपी गेला आणि कारण विचारता 'सांगून झाले होते' असे म्हणाला. सदर प्रसंग तपासनिसास स्वतःस आठवत नसल्याने ग्राह्य धरलेला नाही.

"मत: सांगता येत नाही."

त्याने कागदाची घडी घातली. खाली कुजबुज झाली, आणि पहिल्या बाकावरून सेक्रेटरींनी, वर्गात फळ्याशी उभ्या मुलाला विचारावे तसे विचारले, "म्हणजे खरं की खोटं?"

"तेच सांगता येत नाही."

कोणीतरी हसले. पाळकसाहेब लगबगीने उठले आणि आपल्या बंधूंच्या नम्रतेतून आपल्याला किती शिकण्यासारखे आहे, हे सांगू लागले. त्यांचे वाक्य अर्ध्यात असतानाच दुसऱ्या बाकावरची म्हातारी शिंपीणबाई मोठ्याने म्हणाली, "अहो, पण मग तुम्ही इथं येता कशाला?" तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरेच जाणून घ्यायचे होते.

तपासनिसाने तोंड उघडले. प्रश्न इतका सरळ होता की त्याला पोटकलम लावायलाही जागा नव्हती. "आजी, तेवढं माझ्याकडे तपासायला आलं नव्हतं," असे काहीतरी तो बोलला आणि जागेवर येऊन बसला. बायकोने त्याच्याकडे पाहिले नाही, पण त्याला बसता यावे म्हणून स्वतःची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

त्या रविवारी प्रभुभोजन होते; त्याची भाकर विश्वास धरणाऱ्यांनीच घ्यायची असते. गीत झाले, भाकर मोडली गेली, ताटे फिरू लागली. तो अजून आजीच्या प्रश्नातच अडकला होता.

उपासना संपल्यावर लेक फाटकाबाहेर, बसथांब्याच्या खांबाला टेकून उभी होती. दुपारी तिला दुकानात पोचायचे होते. बायको आत शिंपीणबाईशी बोलत राहिली, मुद्दामच असावी.

"साखर नाही पेरली," तो म्हणाला.

"नाही." तिने पायाने एक खडा लोटला. "पण तुम्ही भाकर घेतलीत."

"हो."

"अहवाल वाचून पंधरा मिनिटंसुद्धा झाली नव्हती. विचार करून घेतलीत?"

त्याने आठवून पाहिले. "नाही. ताट आलं. घेतली. पुढं दिलं."

"म्हणजे सवय."

"असेल."

"की खरंच?"

"तेही असेल."

"बाबा, तुमच्याशी बोलणं म्हणजे भिंतीवर चेंडू मारणं आहे!" तिचा आवाज चढला, आणि थांब्यावरच्या दोन माणसांनी घड्याळात पाहण्याचे सोंग केले. "मला वाटलं होतं, एक तर तुम्ही थाप माराल, मग मी मोकळी. नाहीतर खरं बोलाल आणि बाहेर याल, मग आपण दोघं मोकळे. तुम्ही खरं बोलून परत आत जाऊन बसलात. याला काय म्हणायचं?"

"मला शब्द सापडला नाही."

"आणि तो दवाखाना? मला कधी सांगितला नाहीत."

"मलाच गेल्या आठवड्यात कळला."

ती हसेल असे वाटले, पण हसली नाही. दूरवर बस दिसली.

"मी पुढच्या रविवारी येणार नाहीये."

"बरं."

"एक विचारू? माझ्यासाठी प्रार्थना करता?"

"करतो."

"त्या वहीत लिहून?"

"नाही. तुझी वहीत नाही घेतली."

"कुठे पोचते का?"

त्याने खांद्याला थोडी हालचाल दिली. त्या हालचालीचा अर्थ होय असा नव्हता आणि नाही असाही नव्हता.

"पोचत नसेल तर थांबवा ना. निदान माझ्या बाबतीत तरी तुमचे नियम पाळा."

"ते जमेलसं वाटत नाही," तो म्हणाला. असे ठाम वाक्य आपल्या तोंडून कसे निघाले याचा त्यालाच धक्का बसला.

बस थांब्याला लागली. लेकीने दांड्याला हात घातला, एक पाय पायरीवर ठेवला आणि मान वळवली.

"थांबवलीत तर मला सांगा."

"कशाला?"

"माहीत नाही," ती म्हणाली. वकीलसाहेबांच्या तोंडून हे दोन शब्द निघताना तिचा चेहरा गोरामोरा झाला होता. मागच्या प्रवाशाने "चढा की ताई" म्हटले आणि ती आत गेली. बस भरलेली होती. ती कोणत्या बाजूला बसली ते त्याला दिसले नाही.

थोड्या वेळाने बायको आली आणि दोघे चालत घराकडे निघाले. वाटेत तिने दोनदा विचारले, लेक काय म्हणाली. दोन्ही वेळा त्याने तिचे बोलणे शब्दन् शब्द सांगितले, स्वल्पविरामासकट. अर्थ सांगणे त्याच्या आवाक्यातले नव्हते.